गावातल्या दशावतारी पोरांसाठी शिबिर घ्यायचंय, सल्ला हवा

परळचा पावणा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

आमचं गाव कुडाळ तालुक्यात. मुंबईत गावकऱ्यांचं मंडळ आहे, साठ वर्षं झाली. मंडळाची कामं ठरलेली: देवळाची रंगरंगोटी, शाळेला वह्या, आणि जत्रेच्या रात्रीच्या नाटकाची बिदागी. यंदा हीरकमहोत्सवाची स्मरणिका काढली. जाहिराती अपेक्षेपेक्षा जास्त आल्या आणि खर्च वजा जाता १,८०,००० रुपये उरले. बैठकीत या पैशांचं काय करायचं यावर दोन तास भांडण. कोणाला सभामंडपाला पत्रे हवे होते, कोणाला थंड पाण्याचं यंत्र. शेवटी एक म्हातारे काका बोलले, "नाटकाक माणसां ऱ्हवतली काय, ता बघा आदी." त्यावर सगळे गप्प.

तर ठरलं असं की दशावतार, म्हणजे आमच्याकडचं जत्रेतलं रात्रभराचं नाटक, शिकणाऱ्या तरुण पोरांसाठी काहीतरी करायचं. गावातली सहा पोरं सध्या वेगवेगळ्या नाटक कंपन्यांत जातात. वयं १७ ते २४. शिवाय आसपासच्या वाड्यांतली धरून तीसेक मुलं जमतील.

माझ्या डोक्यातला आराखडा: मे महिन्यात शाळेच्या सभागृहात दहा दिवसांचं शिबिर. अभिनय, वाचिक, रंगभूषा, संगीत. मुंबईहून दोन रंगकर्मी बोलवायचे. शेवटच्या दिवशी प्रयोग आणि प्रमाणपत्र. चहा-नाश्ता-जेवण आपलं.

काय शिकवावं, कोणाला बोलवावं, सरकारी मदत मिळते का? अनुभवी लोकांनी सांगावं.

नारद मुनी

नारायण नारायण. हेतू चांगला आहे, म्हणून थोडं टोचून बोलतो.

मे महिन्यात पोरं मोकळी असतात हे तुम्हाला कोणी सांगितलं? कार्तिकी पौर्णिमेच्या आगेमागे जत्रा सुरू होतात त्या पाऊस पडेपर्यंत नाटकं चालतात. मे महिन्यात तर पूजा, वाढदिवस, चाकरमान्यांची हौस, सगळ्याला नाटक लागतं. ज्यांच्यासाठी शिबिर, ते सहाजण त्या दहा रात्री कुठल्यातरी मांडावर, म्हणजे नाटकाच्या जागी, असणार आणि दिवसा झोपलेले असणार. तुमच्यासमोर बसतील ती सुट्टीत आजोळी आलेली मुलं. त्यांनीही शिकावं, पण मग त्याला उन्हाळी छंदवर्ग म्हणा.

मीनल_पुणे

मी नाट्यशास्त्राची विद्यार्थिनी. दशावतार दोनदाच पाहिलाय, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. नक्की काय काय शिकायचं असतं यात? लिखित संहिता नसते म्हणतात, मग पाठांतर कशाचं?

नारद मुनी

@मीनल, थोडक्यात सांगतो. आधी 'आड दशावतार'. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी, मग मोरावरची सरस्वती, मग भटजी, आणि संकासुर. काळ्या वेशातला, मालवणीत बोलून अख्ख्या गावाची टोपी उडवणारा. तो वेद पळवतो, विष्णू त्याला मारतो. हा भाग ठरलेला. त्यानंतर आख्यान, म्हणजे पुराणातली एखादी कथा, पहाटेपर्यंत. शेवटी दहीकाला, म्हणून जुनी माणसं अख्ख्या नाटकालाच 'धयकालो' म्हणतात. साथीला पायपेटी (पायाने भाता मारायची पेटी), मृदंग नाहीतर पखवाज, आणि झांज. पेटीवर गातो तो हरदास. सगळं त्याच्या हातात.

आख्यानात संवाद कोणी लिहून देत नाही. कथा माहीत असते, प्रवेशांचा क्रम ठरतो, बाकी उभ्या उभ्या बोलायचं. त्यासाठी श्रीधरांचे ग्रंथ पोटात लागतात: पांडवप्रताप, हरिविजय, रामविजय. जुने नट ओव्याच्या ओव्या तोंडपाठ म्हणायचे. आता पोरं मोबाइलवर दुसऱ्या कंपनीचं नाटक बघून त्यातलं भाषण उचलतात.

झिलगो

मी चार वर्षां कंपनीत होतंय म्हणून लिवतंय. पयल्या वर्सा माका कोणी तोंडाक रंग लावूक दिल्यान नाय. पेटारो उचल, पडदो बांध, मालकाक चाय आण. मगे झांज हातात दिल्यानी. मालवणीत लिहीत बसलो तर मीनलताई पळून जातील, म्हणून शुद्धात येतो.

झांज वाजवत वर्ष गेलं ते फुकट गेलं असं तेव्हा वाटायचं. आता कळतं की तीच शाळा होती. झांजवाला नाटकात नसतो, पण सगळं नाटक त्याच्यासमोर होतं. कोण कुठे चुकला, कोणी सावरलं, हरदासाने कुठे सूर धरून नटाला 'आता आवर' म्हणून सांगितलं, सगळं दिसतं. दुसऱ्या वर्षी रिद्धी केली. तोंड उघडायचं नाही, नुसतं नाचायचं. एका वयस्क स्त्रीपार्टी नटाने शाळेच्या वर्गात, बाकं बाजूला सरकवून, मला नऊवारी नेसवली आणि डोक्यावर कळशी देऊन अर्धा तास चालायला लावलं. पाणी भरलेली.

तिसऱ्या वर्षी पहिला बोलायचा पार्ट. मालक आरशात बघून भुवई काढता काढता म्हणाले, "आज तू उत्तरा. अभिमन्यू रणात जाऊक निघालो की अडवायचा. तीनदा अडव. तिसऱ्या खेपेक पाय धर. बाकी तुजा तू बोल." संपली तालीम.

उभा राहिलो आणि दोन वाक्यांनंतर डोकं कोरं. समोर पाचशे माणूस. अभिमन्यू करणारा नट तीस वर्षं मुरलेला. तो एक पाऊल पुढे आला आणि म्हणाला, "प्रिये, तू गप्प का? पहाटे पडलेलं ते अशुभ स्वप्न आठवलं का?" स्वप्न कसलं नि काय, आदल्या प्रवेशात नव्हतंच ते. पण मला दोरी मिळाली. मी स्वप्न सांगत सुटलो ते बायका डोळे पुसेपर्यंत.

हे सावरणं शिबिरात कसं शिकवणार सांगा. तिथे पडण्याची भीतीच नसते.

मीनल_पुणे

पळाले नाही, मालवणी समजली :)

उत्तराचा किस्सा वाचून काटा आला. पण एक मुद्दा सोडणार नाही. 'मांडावरच शिकतो' म्हणून शास्त्राला हाकलून देऊ नका. मी पाहिलेल्या दोन्ही प्रयोगांत राजपार्ट करणाऱ्याचा आवाज फाटलेला होता. पोटातून श्वास न घेता नुसत्या घशावर तीन-चार तास, तेही रोज रात्री. वर जागरण, धूळ, आणि ध्वनिक्षेपक असूनही ओरडण्याची सवय. तिशीत आवाज गेला तर पुढचं करिअर कुठे? श्वासाचे व्यायाम, प्रयोगाआधी गळा तापवणं, नंतर गप्प बसणं, घसा बसल्यावर काय करू नये, हे कोणीही दोन दिवसांत शिकवू शकतं आणि ते आयुष्यभर पुरतं. तसंच रंगाचं. सफेदा रोज चेहऱ्यावर चोपडून सकाळी खोबरेल तेलाने खरवडून काढायचा, त्याने कातडीचं काय होतं हेही सांगायला हवं.

झिलगो

ताई, हे मात्र शंभर टक्के. आमच्यात घसा बसला की उपाय एकच, काय ते इथे लिहीत नाही.

आठवडी बाजार

@झिलगो, चार वर्षं काढून सोडलं का मग?

झिलगो

जून ते ऑक्टोबर काय खायचं?

मला रात्रीचे तीनशे मिळायचे. नाटकं असली की चालतं, जेवण कंपनीचं. पाऊस पडला की पेटारा माळ्यावर आणि आपण घरात. दोन पावसाळे घरच्यांनी सांभाळलं. तिसऱ्या पावसाळ्यात गोव्याला एका हॉटेलात लागलो, महिन्याचा पगार. नोव्हेंबरात मालकांचा फोन आला, "कधी येतस?" हॉटेलच्या मॅनेजरकडे रजा मागितली, तो म्हणाला सीझन आहे, नाही मिळणार. त्यांचा सीझन तोच, आमचा सीझन तोच. नाटक सोडायचं असं मी कधी ठरवलं नाही. रजा मिळाली नाही, एवढंच.

आमच्या कंपनीतले माझ्या वयाचे तिघे असेच गेले. एकही जण शिकायला मिळालं नाही म्हणून गेलेला नाही.

परळचा पावणा (धागाकर्ता)

वाचतोय. गप्प आहे कारण माझा आराखडा कोलमडतोय.

खर्डेघाशी (निवृत्त)

सरकारी मदतीचं विचारलंय, तर माझ्या जुन्या खात्याच्या सवयीने लिहितो. कंटाळा आला तर पुढचा प्रतिसाद वाचा.

राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय लोककलांची प्रशिक्षण शिबिरं घेतं. लावणी, शाहिरी, खडीगंमत, दशावतार असे विषय असतात. नामवंत कलावंत शिबिर संचालक असतो. हे झालं शिबिराचं.

केंद्राचं बघायचं तर सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे: वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं, देशभरात ४०० जणांना. लोकनाट्य त्यात बसतं. पण अट अशी की गुरूकडे किमान पाच वर्षं शिकल्याचा दाखला हवा, आणि मुलाखत द्यायची. आता आपल्या झिलग्याला पाच वर्षांचा दाखला कोण देणार? मालक देईल, पण त्याला लेटरहेड नाही. इथे तुमच्या मंडळाचा खरा उपयोग आहे. अर्ज भरून देणं, फोटो-चित्रफिती लावणं, मुलाखतीची तयारी करून घेणं. याला पैसे लागत नाहीत, माणूस लागतो.

त्याहून लहान मुलांसाठी, १० ते १४ वयाच्या, सीसीआरटी या केंद्राच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ३,६०० रुपये आणि वर शिकवणी खर्चाचा परतावा. रक्कम किरकोळ, पण पुढे नूतनीकरण होत जातं आणि परंपरेने कला करणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी त्यात वेगळ्या जागा असतात. हे दशावताराच्या घराघरांत कोणाला माहीत नसतं.

तिसरी गुरु-शिष्य परंपरा योजना, विभागीय सांस्कृतिक केंद्रांची. महाराष्ट्र दोन केंद्रांत मोडतो, उदयपूर आणि नागपूर. गुरूला महिना ७,५००, साथीदाराला ३,७५०, शिष्याला १,५०० असा त्याचा हिशेब. पैसे वेळेवर येतील या भरवशावर मात्र कोणी कर्ज काढू नये.

रोखठोक

मला एक कळत नाही. कंपनीचा मालक बिदागी घेतो. पोरं त्याच्यासाठी राबतात. मग त्यांना शिकवायचा आणि पावसाळ्यात जगवायचा खर्च गावाच्या मंडळाने का उचलायचा? उद्या मालक म्हणेल, बरं झालं, आता मी पोरांची नाईट, म्हणजे रात्रीचे पैसे, वाढवायलाच नको.

नारद मुनी

मालक म्हणजे कोणी कारखानदार नव्हे. टेम्पो, पडदे, दिवे, पंधरा माणसं आणि डोक्यावर उचल. त्यात आता ट्रिकसीन नाही तर नाटक नको म्हणतात. आग ओकणारा राक्षस, अधांतरी देव, त्याचा खर्च वेगळा. शिवाय 'संयुक्त दशावतार' आले. चार कंपन्यांतले नामवंत नट एका रात्रीपुरते एकत्र. प्रेक्षक खूश, नट खूश. पण तिथे रिद्धी-सिद्धी करणाऱ्या नवख्याला जागा कुठे? सगळेच राजे.

तरी तुमची शंका चुकीची नाही. पैसे कंपनीला देऊच नयेत. पोराच्या हातात द्यावेत.

वडसेकर

जय झाडीपट्टी! मी देसाईगंज-वडसा, जिल्हा गडचिरोली. तुमचं वाचून आमच्याकडचं आठवलं.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांत, उलट आहे बघा. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की नाटकांचा हंगाम. नाटक लिहिलेलं असते, तालीम असते, वडशात कंपन्यांची ऑफिसं रांगेने लागून आहेत, गावची मंडळी येऊन नाटक बुक करतात. आमचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना पहिल्यांदा कळलं की असं काही अस्तित्वात आहे. पण पोरांचं दुखणं सारखंच. हंगामात पैसा, नंतर शून्य. फरक एवढाच की आमच्याकडे बहुतेक कलावंत शेतकरी, धान कापून नाटकात येतात आणि नाटक संपवून शेतात. म्हणून टिकले. ज्याच्याकडे जमीन नाही तो पहिल्यांदा गळतो.

तुमच्या सहा पोरांपैकी किती जणांकडे जमीन आहे ते विचारा. उत्तर त्यातच सापडेल.

सुमन_कणकवली

सहा पोरं, तीस मुलं, झिलगे. मुलींचं काय? महिला दशावतार मंडळं आपल्या जिल्ह्यात आहेत, बायका राजपार्ट करतात, तलवार फिरवतात, दाद घेतात. माझी भाची घरात आरशासमोर संकासुर करते आणि आमची हसून पुरेवाट होते. पण जत्रेच्या कंपनीत रात्रभर टेम्पोतून फिरायचं म्हटल्यावर घरातले बोलणंच थांबवतात. म्हणजे झिलग्याने सांगितलेली झांजेची शाळा मुलींना बंदच आहे. त्यांच्यासाठी गावातलं, दिवसाचं शिकणं हाच एक रस्ता उरतो. तेव्हा शिबिराला इतकंही झोडपू नका.

झिलगो

सुमनताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. खरं आहे.

कारवारकर

उशिरा आलो. मी कारवारचा, घरी कोकणी-मराठी, बाहेर कन्नड. आमच्या शेजारची गोष्ट सांगतो.

यक्षगान म्हणजे कर्नाटकातलं लोकनाट्य. त्याचीही रात तशीच, हंगामही तसाच, पाऊस पडला की मेळे, म्हणजे त्यांच्या कंपन्या, बंद. १९७१ च्या सुमारास कन्नड लेखक शिवराम कारंतांच्या पुढाकाराने उडुपीला यक्षगान केंद्र निघालं. मुलं तिथे राहतात, जेवतात, गुरू त्यांच्यातच असतो. पदन्यास, ताल, भागवताचं (गाणाऱ्या सूत्रधाराचं) गाणं, मद्दळे-चंडे ही वाद्यं, वेश बांधणं, सगळं एका छपराखाली. पुढे उडुपीतच यक्षगान कलारंग नावाच्या संस्थेने शाळाशाळांतून मुला-मुलींना शिकवायला घेतलं आणि कलावंतांच्या कुटुंबांच्या मदतीचंही काम उभं केलं. शाळेत शिकलेली सगळीच मुलं काही मेळ्यात जात नाहीत. पण रात्रभर बसून बघणारा, चूक कळणारा प्रेक्षक त्यातूनच येतो. दशावतारवाल्यांनी एकदा तिथे जाऊन यावं. मान खाली घालायचं कारण नाही, आपलं देणंघेणं जुनं आहे. १८४२ मध्ये सांगलीत आमच्याकडच्या भागवत मंडळींचे खेळ झाले, ते बघून पुढच्या वर्षी विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं.

आता तुम्ही एक लाख ऐंशी हजारांत गुरुकुल काढू शकत नाही, हे मलाही कळतं. पण मुद्दा घ्या: तिथे गुरूला पगार आहे. आपल्याकडे गुरू म्हणजे निवृत्त नट, ज्याला वर्षातून एकदा शाल मिळते.

नारद मुनी

शालीवरून आठवलं. आमच्या वाडीतल्या हरदासबुवांच्या घरात अठरा शाली आहेत. त्यांची सून त्यातल्या दोन शिवून गोधडी करते.

परळचा पावणा (धागाकर्ता)

मंडळी, शनिवार-रविवार गावी जाऊन आलो. सहापैकी पाच पोरांना भेटलो, सहावा रत्नागिरीला आंब्याच्या गाडीवर गेलाय.

वडसेकरांनी सांगितलं तसं आधी जमिनीचं विचारलं. दोघांकडे भात होण्याइतकी आहे, बाकीच्यांकडे घराभोवतीची पाच-सात कलमं. पावसाळ्यात एक सेंटरिंगला जातो, एक मासळीच्या गाडीवर, एक म्हापशाला. दोघे 'बघू' म्हणाले.

मग विचारलं, काय शिकायचंय? मला वाटलं अभिनय म्हणतील. एक जण म्हणाला, "आमका पांडवप्रताप वाचूक शिकवा. ओवी वाचतंय पण अर्थ लागणा नाय." दुसरा म्हणाला त्याला पेटी शिकायचीय. हे ऐकून बाकीचे हसले. बाहेर पडल्यावर कंपनीचे मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "राजा व्हायला दहा जण येतात. पेटी आणि मृदंग शिकायला कोणी येत नाही. आमचा हरदास सत्तरीला आलाय. तो बसला की नाटक बसलं."

शिबिराबद्दल पाचहीजण नम्रपणे 'चलात', म्हणजे चालेल, म्हणाले. त्या 'चलात'चा अर्थ कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

हरदासबुवांकडेही गेलो. शाळेत येऊन शिकवाल का म्हटलं. म्हणाले, "शाळेत मी येवचंय नाय. माज्या खळ्यात येवंदे. आणि सांजवेळाक येवंदे, दिसाचो माका उजेड सोसणा नाय." मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय त्यांचं.

आठवडी बाजार

खळ्यात, म्हणजे घरच्या अंगणात, शिकवणं हेच बरोबर. पिंगुळीला बघा ना. परशुराम गंगावण्यांनी स्वतःच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. चित्रकथी, कळसूत्री, चामड्याच्या छायाबाहुल्या, सगळं घरात. मुलं तिथेच वाढली, तिथेच शिकली. २०२१ ला पद्मश्री मिळाली तरी पत्ता तोच. कुडाळहून किती लांब? तुमच्या पोरांना एक दिवस घेऊन जा. ठाकर समाजाने कला घरात कशी राखली ते त्यांना कळेल.

हिशेबनीस

आकडे मांडू का? सवय आहे.

सहा पोरं, पावसाळ्याचे चार महिने, दरमहा ४,००० प्रत्येकी: ९६,०००. दोन गुरू, एक पेटी-गायनाला आणि एक मृदंगाला, दरमहा ६,००० प्रत्येकी, चार महिने: ४८,०००. झाले १,४४,०००. उरले ३६,०००. त्यात मीनलताईंसारखं कोणीतरी दोन दिवस आवाजासाठी, पिंगुळीची एक फेरी, मृदंगाला नवी पुडी, पुस्तकं.

विमा विसरू नका. प्रधानमंत्री सुरक्षा विम्याला वर्षाला २० रुपये लागतात, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण. जीवनज्योतीला ४३६. पहाटे चारला नाटक संपवून घाटातून टेम्पो येतो, चालकही जागा असतो रात्रभर. सहाजणांचं दोन्ही मिळून पावणेतीन हजारांत काम होईल, कंपनीच्या बाकीच्या माणसांचंही करून टाका. दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं, खात्यातून आपोआप कापून घेण्याची संमती पोरांकडून लिहून घ्या. सतरा वर्षांच्याला वर्षभर थांबावं लागेल, वय १८ पूर्ण हवं.

पैसे रोख देऊ नका. थेट खात्यावर, महिन्याच्या शेवटी. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल तर ठराव करून घ्या, नाहीतर पुढच्या सर्वसाधारण सभेत पत्रेवाले आणि थंड पाणीवाले एक होतील.

रोखठोक

आणि पोराने चार महिने पैसे घेतले आणि नोव्हेंबरात गोव्याला पळाला तर?

हिशेबनीस

पळाला तर पळाला. पेटी घेऊन तर नाही ना पळणार? चार महिने शिकलेलं त्याच्याबरोबर जाईल. काही अंशी धरून ठेवायचं असेल तर दरमहा ३,००० द्या आणि उरलेले चार हजार पहिल्या जत्रेच्या रात्री, मांडावर.

झिलगो

चार महिने कुठले ते बघा मात्र. जूनमध्ये भाताचा तरवा (रोपं), जुलैत भाताची लावणी. ज्या दोघांकडे शेत आहे ते गुडघाभर चिखलात असणार, संध्याकाळी बुवांच्या खळ्यात आले तरी पेंगतील. मग चतुर्थी. चतुर्थीचे दिवस भजनांशिवाय दुसरं काही नाही, बुवा स्वतःच चार घरी पेटी घेऊन बसतात. माझ्या मते लावणी आटपल्यावर आषाढात सुरू करा, चतुर्थीत सुट्टी नको, उलट पोरांना बुवांबरोबर भजनाला पाठवा. पेटीचा हात तिथेच बसतो. नंतर दसऱ्यापर्यंत आख्यानं.

आणि एक. पेटी शिकणाऱ्याला एक हजार जास्त द्या. बाकीच्यांना राग आला तर येऊ दे. कोणीतरी हसायचं थांबेल.

सुमन_कणकवली

भाचीला विचारलं. संध्याकाळी सातला घरी सोडणार असाल तर येते म्हणाली. मृदंग शिकायचाय तिला, संकासुर झाला म्हणे शिकून. तिचे बाबा अजून 'बघूया' वर आहेत.

परळचा पावणा (धागाकर्ता)

रात्री मंडळाची बैठक झाली. निर्णय लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मलाच फिरता येणार नाही.

शिबिर रद्द. प्रमाणपत्रंही रद्द, त्याचं कापडी बॅनर मी उत्साहात छापून घेतलं होतं, ते आता पेटीवर पाऊस पडू नये म्हणून कामाला येईल. झिलग्याच्या वेळापत्रकाप्रमाणे आषाढापासून. सहा पोरं आणि एक मुलगी, सुमनताई, बाबांना सांगा सोडायची जबाबदारी माझ्या चुलतभावाची. सातवीचे १६,००० कुठून ते अजून ठरलं नाही, बैठकीत दोघांनी खिशात हात घातला, बाकीचे छताकडे बघत होते. पेटीला एक हजार जास्त, हा ठराव सात विरुद्ध पाच असा पास झाला.

मृदंगाचे गुरू मिळाले, सावंतवाडीचे. पांडवप्रताप समजावून द्यायला गावातले निवृत्त मास्तर फुकट तयार आहेत, फक्त 'मध्ये मध्ये उठून जायचं नाही' एवढी अट. खर्डेघाशी साहेब, २२ वर्षांच्या पोराचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला घेतलाय, मालकांकडून दाखला मिळालाय. वहीच्या पानावर आहे आणि शिक्का किराणा दुकानाचा आहे. चालेल का?

बुवांच्या डोळ्याचं ऑपरेशन आधी करायचं असं बैठकीत एकमताने ठरलं. एकमत झालेला तेवढा एकच विषय.

अडचण एक उरलीय. शिकायला पेटी हवी. बुवांची स्वतःची ते कोणाला हात लावू देत नाहीत. कोणाकडे जुनी पायपेटी पडून असेल तर कळवा.

खर्डेघाशी (निवृत्त)

किराणा दुकानाचा शिक्का चालणार नाही. मंडळाच्या लेटरहेडवर अध्यक्षांनी साक्षांकित करून द्या, सोबत जत्रेच्या हस्तपत्रिका लावा, नाव छापलेलं असेल अशा. पाच वर्षांच्या पाच.

आठवडी बाजार

आमच्या माळ्यावर आहे पायपेटी. आजोबांची. भाते उंदरांनी खाल्लेत, दोन सूर बोलत नाहीत. चालेल?

झिलगो

चलात! भातो शिवणारो कुडाळात आसा, माका ठावक आसा. आयतवारी टेम्पो घेवन येतंय. पत्तो खाजगी निरोपात धाड.